दोन शहरे, तीन धबधबे, बारा मान्यवर

सह्यस्नेह सहल मंडळाच्या सांगलीच्या विश्रामबागेतील कार्यालयातून मिळालेल्या माहितीपत्रकात सहलीचे स्वरूप स्पष्ट दिलेले होते. दोन दिवस, दोन शहरे, तीन धबधबे, माहितगार मार्गदर्शक आणि फक्त बारा माणसे. 'फक्त बारा' या शब्दांखाली जाड रेघ होती. मी तीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्या आहेत. रेघ कुठे मारली आहे ते मी आधी बघतो. पन्नास माणसांच्या बसमध्ये आपण कोण हे कुणालाच कळत नाही, बारांत कळते, असा त्या रेघेचा अर्थ मी लावला आणि अर्ज भरला. नाव जोतीराम, निवृत्त मुख्याध्यापक, मूळ गाव कोरेगाव, सध्या मुक्काम मुलाकडे सांगलीत. हे सगळे मी अर्जात सुवाच्य अक्षरात लिहिले होते, एवढे पुढच्या हकिगतीसाठी लक्षात ठेवावे.

बसमध्ये माझ्या शेजारी सुलाबाई आल्या. आटपाडीच्याही पलीकडच्या माळावरच्या, पिढीजात मेंढरांच्या घरातल्या. त्यांची नात सृष्टी विश्रामबागेत नोकरी करते, तिने आजीची जागा राखली होती. बाईंचे सामान म्हणजे एक पिशवी आणि एक शंका. शंका जुनी होती. त्यांचे मालक आकाराम दरसाल मेंढरे घेऊन पश्चिमेला जायचे, बाई घरी राहायच्या.

"परत आला की सांगायचा," त्या म्हणाल्या, "डोंगरावरनं पानी उभं पडतंय, आन खाली यीस्तवर त्याचा धूर हुतोय. मी म्हनायची, मेंढरं हाकून ह्याचं डोस्कं फिरलंय. पानी कुटं उभं पडतंय व्हय? जलमभर त्याला खोटा धरला. तीन सालं झाली त्याला जाऊन. आता खरं हुतं का खोटं, येवढं बघायचं हाय."

नातीने मोबाइलवर दाखवले असेल की, असे मी म्हटले. मोबाइलात काय बी दाखवत्यात, असे त्यांचे म्हणणे पडले. ते मला पटले. म्हातारीची कीव आली आणि मी शब्द दिला, की तुम्हाला धबधबा दाखवल्याशिवाय ही बस सांगलीला परत येणार नाही. शिक्षकाचा शब्द होता. त्या निर्धास्त झाल्या.

सहलीचे संचालक आणि मार्गदर्शक विश्वजित, वय तिशीचे, बोलणे मधाळ. सकाळी सातला निघायचे होते. पण बसचे पूजन, नारळ, स्वागत आणि प्रास्ताविक झाल्याशिवाय चाक हलवणे योग्य दिसले नसते. सव्वाआठला सुभेदार धनाजी यांनी शिट्टी मारली. हे सहप्रवासी अठ्ठावीस वर्षे फौजेत होते आणि गळ्यात अजून शिट्टी बाळगत. "टाइम म्हंजे टाइम," ते म्हणाले. त्यांच्यामुळे मला मोठा धीर आला.

पहिले ठिकाण सांगलीतलेच, हळदीची पेठ. तिथे पेठ दाखवण्याऐवजी आम्हाला खुर्च्यांवर बसवण्यात आले आणि प्रत्येकाचा शाल, श्रीफळ व हळदीची पुडी देऊन सत्कार झाला. बारा सत्कारांना पाऊण तास लागला. मी विश्वजित यांना विचारले, हे कार्यक्रमपत्रिकेत कुठे होते? त्यांनी माहितीपत्रक उघडून दाखवले. 'लहान गट, वैयक्तिक लक्ष' असे छापलेले होते. पन्नास माणसे असती तर एकाच प्रतिनिधीचा सत्कार करून भागले असते, बारा म्हटल्यावर कुणाला वगळणार, असे ते म्हणाले. तर्क बिनतोड होता. एक अडचण फक्त सुलाबाईंच्या वेळी आली. बायकांसाठी ओटी आणली होती आणि विधवेची ओटी भरावी की नाही यावर तिथल्या चार सुधारक मंडळींत दहा मिनिटे खल झाला. शेवटी मध्यममार्ग निघाला आणि बाईंना पुरुषांच्या आहेरातली टॉवेल-टोपी देण्यात आली. टॉवेल त्यांनी खांद्यावर टाकला. टोपी कुणाला द्यावी याचा विचार करत त्या बसमध्ये येऊन बसल्या.

"पानी कवा?" त्यांनी विचारले.

"दुपारी," मी म्हणालो.

आता ज्यांनी सत्कार केला त्यांचा उलट सत्कार करणे आले. त्यासाठी आमच्याच शाली परत गोळा झाल्या. पुढच्या ठिकाणी त्या आमच्याच अंगावर पुन्हा घालण्यात आल्या, कारण शाली एकूण बाराच होत्या. नारळांचेही तसेच. मला मिळालेल्या नारळाची शेंडी एका बाजूला झुकलेली होती. तोच नारळ त्या दिवशी मला तीन वेळा मिळाला, आणि तिसऱ्या वेळी तो हातात येताच आम्ही एकमेकांना ओळखले. या धामधुमीत सांगलीचा घाट आणि कृष्णेचे पात्र बसच्या डाव्या खिडकीतून दाखवण्यात आले. उजवीकडे बसलेल्यांना ते परतताना दिसेल, असे आश्वासन मिळाले.

दुपारी कोरेगाव आले. ते माझे गाव. चौकात आमच्या स्वागताचा फलक होता आणि त्यावर बाराही चेहरे होते. माझा फोटो नोंदणी अर्जावरचा, म्हणून जरा रागीट दिसत होता, पण होता. मला भरून आले. व्यासपीठावर निवेदकाने नावे घ्यायला सुरुवात केली. सुभेदार साहेब, मग सुलाबाई, मग एकेक करून अकरा नावे झाली आणि तो म्हणाला, "आणि इतर मान्यवर." इतर मान्यवर मी एकटाच होतो.

काही हरकत नाही, असे मी नंतर विश्वजित यांना सांगितले. तेच मी ड्रायव्हरला सांगितले, निवेदकाला सांगितले आणि एकूण सात जणांना सांगितले. त्यावरून हरकत आहे हे सर्वांच्या लक्षात आले. तेव्हा नाव राहिल्याबद्दल दिलगिरीचा एक छोटा कार्यक्रम तिथेच ठेवण्यात आला. त्यात सगळी नावे पुन्हा वाचली गेली, माझे दोनदा, पण त्या भरात मागच्या बाकावरच्या राजेश्वरीताईंचे राहिले. त्यांनाही काही हरकत नव्हती. त्यांच्या दिलगिरीचा कार्यक्रम आटोपेपर्यंत दिवस कलला आणि पहिला धबधबा, म्हणजे वजराई, तांत्रिक कारणास्तव रद्द झाला.

"पानी?" सुलाबाईंनी विचारले.

"उद्या सकाळी नक्की," मी म्हणालो. टॉवेलची घडी त्यांनी उलगडली आणि पुन्हा घातली.

दुसऱ्या दिवशी साताऱ्यात सकाळी आठला सुभेदारांची शिट्टी झाली आणि साडेआठला आम्ही एका सभागृहात होतो. सुभेदार संतापले. असल्या सोहळ्यांनी फौज चालत नसते, असे त्यांनी आयोजकांना तोंडावर सुनावले. आयोजक अनुभवी होते. त्यांनी ऐकून घेतले आणि अध्यक्षस्थानासाठी 'कॅप्टन धनाजीराव साहेब' यांचे नाव पुकारले. सुभेदार क्षणभर जागच्या जागी उभे राहिले. मग त्यांनी शिट्टी सदऱ्याच्या आत टाकली आणि व्यासपीठावर जाऊन मधल्या खुर्चीत बसले. अध्यक्षीय भाषणात त्यांनी सीमेवरची थंडी सविस्तर सांगितली. सातारा शहराचे दर्शन सभागृहाच्या खिडकीतून झाले. "तो अजिंक्यतारा," विश्वजित यांनी बोट दाखवून सांगितले, आणि किल्ला जवळ गेल्यावर काही वेगळा दिसत नाही, अशी माहितीही पुरवली. दुसरा धबधबा केळवलीचा. पाणी सगळीकडे तेच असते, या कारणाने तोही रद्द झाला.

बसमध्ये बसल्यावर मात्र मी उठलो. मला खरोखर राग आला होता. शेजारी ती म्हातारी दोन दिवस एक प्रश्न विचारत होती आणि मी दोन दिवस तिला खोटे उत्तर देत होतो. मी बसमध्येच ठराव मांडला, की तिसऱ्या धबधब्याला, ठोसेघरला, कोणताही सत्कार न स्वीकारता थेट पाण्याकडे जावे. कॅप्टनांनी, म्हणजे सुभेदारांनी, अनुमोदन दिले. ठराव बाराच्या बारा हातांनी मंजूर झाला. विश्वजित यांनी तो लिहून घेतला आणि अशा जागरूक पर्यटकांचा कधीतरी सत्कार व्हायला हवा, असे म्हणाले.

ठोसेघरला आम्ही पावणेपाचला पोचलो. पाण्याकडे जाणारे फाटक साडेपाचला बंद होते, अशी पाटी होती. फाटकाच्या अलीकडे शंभर पावलांवर मांडव होता. पाणी दिसत नव्हते, पण त्याचा आवाज येत होता. सुलाबाई बसमधून उतरल्या आणि कान देऊन उभ्या राहिल्या.

"ठरावाचा पूर्ण आदर आहे," विश्वजित हात जोडून म्हणाले. "स्वागत नाही, सत्कार नाही. फक्त समारोपाचे आभार, पाच मिनिटं. आणि कोरेगावला सरांचं नाव राहिलं होतं, म्हणून आभार सरांनीच मानावेत, अशी सगळ्यांची इच्छा आहे."

मी नको म्हणालो. दोनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणण्याच्या आत माइक माझ्या हातात होता.

"मी जास्त वेळ घेणार नाही," अशी मी सुरुवात केली, आणि ते मनापासून होते. फक्त दोन शब्द बोलायचे होते. पण आभार मानायचे तर क्रमाने मानायला हवेत, कारण नाव राहणे म्हणजे काय असते हे मला आदल्या दिवशीच कळले होते. मी हळद पेठेपासून सुरुवात केली. मंडपवाले, माइकवाले, ड्रायव्हर, शाली, सगळ्यांना न्याय दिला. मग ओघात वेळेचे महत्त्व हा विषय आला, तो माझा आवडता. शाळेत मी त्यावर दरवर्षी बोलत असे. मध्येच सुलाबाई खुर्चीतून उठलेल्या मला दिसल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले. पुढे येऊन नीट ऐकायचे असेल, असे मला वाटले. मी आवाज चढवला. बाकीचे कुणी हलले नाही, कारण त्यांची नावे अजून यायची होती.

टाळ्या झाल्या तेव्हा पाच पस्तीस झाले होते. आम्ही धावत फाटकाशी गेलो. रखवालदार कुलूप हातात घेऊन उभा होता आणि एका म्हातारीने बाहेर पडावे म्हणून थांबला होता.

सुलाबाई आल्या. लुगडे ओले, डोईवर तो टॉवेल. दोन दिवसांत आम्हाला मिळालेल्या वस्तूंपैकी कामाला आलेली ती एकच वस्तू. त्यांच्या मागे कुलूप लागले. मला लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण तोंडातून आधी निघाले ते वेगळेच.

"माझं भाषण कुठपर्यंत ऐकलंत?"

"जास्त येळ घेनार न्हाई म्हनला न्हवं, हितपत्तुर."

सुभेदारांनी विचारले, कसे आहे पाणी. बाईंनी पदराने तोंड पुसले.

"उभंच पडतंय. धूर बी हुतोय. खरं सांगायचा ओ त्यो." त्या फाटकाकडे वळून बघत राहिल्या. "आन येक सांगू का गुरुजी? आमच्याकडं टँकर येतो, त्याच्यावर बी नाव असतंय, कुनामुळं आला त्ये. हितं येवढं पानी, पन कुनाचंच नाव न्हाई लिवल्यालं."

आम्ही अकरा जण मान खाली घालून उभे होतो. विश्वजित यांनी मात्र तत्काळ वही काढली आणि 'धबधबा: सौजन्य फलक नाही, पाठपुरावा करणे' अशी नोंद केली.

या वर्षीच्या सहलीचा अर्ज परवा आला. आलेल्या सूचनांचा विचार करून त्यात एक सुधारणा केली आहे. 'वेळेअभावी पुढीलपैकी एकच निवडावे: (अ) धबधबा पाहणे, (आ) भाषणात नाव घेतले जाणे.' विश्वजित सांगतात, 'अ' समोर आतापर्यंत एकच खूण आली आहे, तीही अंगठ्याची. पुन्हा जाते, नवऱ्याला इतकी सालं खोटा म्हनली, एका फेरीत फिटत न्हाई, असे बाईंनी कळवले आहे. माझा अर्ज मी भरून दिला. खूण कुठे केली ते इथे सांगण्याचे कारण नाही.

अर्ज तुमच्याकडेही येईल. इथवर वाचताना तुम्ही आम्हाला हसला असाल, तर ते योग्यच आहे. फक्त खूण करण्याआधी एक आठवून पाहा. मागच्या लग्नात निवेदक माइकवरून उपस्थितांची नावे वाचत होता, तेव्हा तुम्ही भरल्या ताटावरून मान वर करून कुणाच्या नावाची वाट बघत होता?