‘बहुतेक’वाले पांडुरंगराव

म्हैसूरला आम्ही घर घेतलं, तेव्हा वास्तुशांतीला वरच्या मजल्यावरचे पांडुरंगराव आले. जमलेल्यांत तेच सगळ्यांत वडील, म्हणून मृणालने, माझ्या बायकोने, त्यांना वाकून नमस्कार केला. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "बहुतेक सुखी व्हाल."

माझ्या आईचा चेहरा उतरला. ती साताऱ्याहून खास या कार्यासाठी आली होती. "बहुतेक म्हणजे?" तिने विचारलं.

"नक्की म्हटलं तर थाप होते की, अम्मा," पांडुरंगराव अगदी प्रेमाने म्हणाले. "बहुतेक म्हटलं ते मनापासून म्हटलं."

आई परत जाईपर्यंत धुसफुसत होती. मला मात्र हा माणूस आवडला. इतक्या जबाबदारीने आशीर्वाद देणारं मी कुणी पाहिलं नव्हतं.

पांडुरंगराव संख्याशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. घराणं मराठी, विठ्ठलाच्या देवळात भजनाला बसणारं, पण म्हैसुरात इतक्या पिढ्या मुरलेलं की सरांच्या मराठीत कानडी कुठे सुरू होते ते त्यांनाही कळत नाही. ‘सुम्ने’ म्हणजे उगीच आणि ‘स्वल्प’ म्हणजे जरासं, या दोन शब्दांवाचून त्यांचं वाक्य उभं राहत नाही. पत्नी बऱ्याच वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही.

नवीन आलो तेव्हा मी एकदा चिडून म्हणालो, "इथले रिक्षावाले महा उर्मट आहेत."

"किती रिक्षावाले?"

"दोन."

"दोघांवरून गाव ठरवता, जोशीअवरे?" अवरे म्हणजे आपलं ‘राव’. "आणखी स्वल्प बसा रिक्षात. मग रागवा."

मी आणखी बसलो. रागवायचं राहूनच गेलं.

बाजारात ते वरचा आंबा कधी उचलत नाहीत. तळातून, कोपऱ्यातून, मधूनच कुठून तरी एकेक काढून हुंगतात. आंबेवाली हात जोडते. "मेष्ट्रे, सगळी टोपली न्या हवी तर, पण उपसू नका." मेष्ट्रे म्हणजे मास्तर. मेष्ट्रे उपसता उपसता तिला समजावतात, "वरचे आंबे तू लावलेस गं. खालचे देवाने."

हे वेड लागलं ते म्हैसूरच्याच नजरबाद भागात, वडिलांच्या शिवणकामाच्या दुकानात. पांडुरंगराव तेव्हा कॉलेजात नुकतेच सरासरी शिकले होते. दुकानात एका शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आलं. नव्या ज्ञानाच्या जोरावर यांनी सुचवलं, प्रत्येकाचं माप कशाला घ्यायचं? एका वर्गाच्या मापांची सरासरी काढा आणि सगळे शर्ट एकाच मापाचे शिवा. वडिलांना मुलाच्या शिक्षणाचं भारी कौतुक. त्यांनी शिवले. एकही शर्ट कुणाच्या अंगाला धड बसला नाही.

"सरासरी मुलगा त्या शाळेत नव्हताच की," सर सांगतात आणि हसून हसून चष्मा काढून डोळे पुसतात.

वडील रागावले नाहीत. शर्ट उसवून दुरुस्त करायला घेतले आणि चिरंजीवांना काजं करायला बसवलं. काजं करता करता चिरंजीवांना प्रश्न पडला, की माणसं सरासरीपासून दूर जातात ती किती आणि कशी? पुढे आयुष्यभर त्यांनी हेच शिकवलं, ह्यावरच लिहिलं. परदेशातून बोलावणी आली तीही ह्याच कामासाठी.

हे सगळं ते स्वतःच रंगवून सांगतात. जे सांगत नाहीत ते मला गेल्या दसऱ्यात शांतलाकडून कळलं. शांतला त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता दुसऱ्या गावी प्राध्यापक. ती भेटायला येणार म्हणून सकाळपासून वर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. मग सर स्वतःच खाली आले. "तुम्हीपण या वर. मी एकटा असलो तर गप्पच बसेन."

मी गेलो तरी ते गप्पच होते. तिला अभ्यासक्रमाविषयी दोन प्रश्न विचारले आणि कॉफी करायला आत गेले. तेवढ्यात तिने मला कानडी-इंग्रजीत ती हकीकत सांगितली.

ती सरांकडे पीएचडी करत होती. भाताच्या एका नव्या वाणाचं उत्पन्न म्हैसूरजवळच्या बन्नूरकडच्या शेतांत मोजायचं होतं, आणि शेतं चिठ्ठ्या टाकून निवडायची असं ठरलं होतं. प्रबंध जवळजवळ झाल्यावर सर एकदा सुम्ने बसने बन्नूरला गेले. बघतात तर मोजलेली सगळी शेतं डांबरी रस्त्याला लागून. मोजणीला नेमलेल्या माणसांनी आत चिखलात उतरायचा कंटाळा केला होता. शांतलाला याचा पत्ताच नव्हता.

या मोजणीच्या अहवालाकडे बरेच मोठे लोक डोळे लावून बसले होते. विभागप्रमुखपद सरांकडे येणार होतं. "सही करून टाका, पुढचं पुढे बघू," असं त्यांना गोडीत सांगण्यात आलं. सरांनी सही केली नाही. प्रमुखपद दुसऱ्याकडे गेलं, आणि शांतलाची काही वर्षांची मेहनत पाण्यात गेली.

"मी त्यांच्या खोलीत बसून रडले," ती म्हणाली. "ते म्हणाले, पुन्हा मोजू. आणि दोन हंगाम माझ्याबरोबर बसने यायचे. मोजणीला कधी हात लावला नाही. ‘मी मोजलं तर लोक माझं काम म्हणतील,’ म्हणायचे. मी चिखलात काम करायची आणि सर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मागे उभे, माझ्या डोक्यावर छत्री धरून. शेतकरी हसायचे. शोधनिबंधावर त्यांनी स्वतःचं नावही घालू दिलं नाही."

"आणि वाण?"

"चांगलंच निघालं. रस्त्याकडेला दिसलं होतं तितकं नाही, पण चांगलं." ती हसली. "मग सरांनी लगेच सही केली."

कॉफी आली, पिऊन झाली. दसऱ्यामुळे बन्नीमंटपाकडचे रस्ते बंद व्हायच्या आत निघते, असं ती म्हणाली. सर "बरं, बरं," म्हणाले आणि तिला जिन्यापर्यंत सोडून आले.

मी कप ठेवायला आत गेलो. ओट्यावर भलंमोठं पातेलं होतं, तळलेले पापड होते, धुऊन ठेवलेली केळीची पानं होती.

"सर, हे काय?"

"बिसीबेळे भात. तिला आवडायचा. बन्नूरला डब्यात न्यायचो."

"मग जेवायला थांब म्हणाला का नाहीत?"

त्यांनी पातेल्यावरचं झाकण नीट बसवलं. "नको म्हणाली तर म्हणून. तिची ती वर्षं माझ्यामुळे गेली, जोशीअवरे."

मी जिना धावत उतरलो. तिची गाडी कोपऱ्यावर दसऱ्याच्या गर्दीत अडकली होती. मी काचेवर टकटक केली आणि पातेल्याचं सांगितलं. गाडी तिथेच कडेला लावून ती माझ्याबरोबर परत आली.

वर येऊन ती सरळ स्वयंपाकघरात गेली, पातेल्यावरचं झाकण काढलं आणि म्हणाली, "सर, ऊटा माडोण." म्हणजे जेवू या.

"बसा, बसा," करत सर पानं मांडायला लागले. दोन मांडली. तिसरं हातात घेऊन ते आमच्याकडे पाठ करून उभे राहिले, आणि ते पान कोरडं झालं तरी बराच वेळ पुसत राहिले.