सव्वीसचा कमरपट्टा

त्या सकाळी मी फक्त "त्यात काय एवढं, मी करतो" असं म्हणालो होतो. हे वाक्य मी घरात सहसा उच्चारत नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारात मी ते तीनदाच उच्चारलं आहे. पहिल्यांदा गिझर गेला, दुसऱ्यांदा न्हाणीघराचा नळ गेला आणि या वेळी माझी उरलीसुरली रया गेली.

झालं असं, की डिसेंबरात आमच्या समर्थचं लग्न झालं. सूनबाई कोमल, माहेर कार्ल्याचं, नोकरी लोणावळ्याच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर. लग्नानंतर सगळे देवीच्या पाया पडायला डोंगरावर गेलो. नवी जोडी व्यवस्थित वर चढली, व्यवस्थित खाली आली. कोमलच्या सासूबाई, म्हणजे आमची सविता, मात्र शेवटच्या तीन पायऱ्या एकदम उतरल्या. उजवं मनगट, सहा आठवड्यांचं प्लास्टर.

आता दुसऱ्या कुणाचं मनगट मोडलं असतं (माझं मोडलं असतं तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं) तर एवढं बिघडलं नसतं. पण सविताचा हात म्हणजे आमच्या वराळ्याच्या सोसायटीची सार्वजनिक मालमत्ता. सोसायटीत कुणाची सून नवी येवो, कुणाच्या बाळाचं बोरन्हाण असो, संक्रांतीला हलव्याचे दागिने सविताकडूनच जायचे. हार, बांगड्या, बाजूबंद, मुकुट, सगळं पांढरंशुभ्र, काटेरी, मोजून मापून. आणि आता स्वतःच्या सुनेची पहिली संक्रांत पंधरा दिवसांवर आली, तर हात गळ्यात बांधलेला.

नाश्त्याला समर्थ म्हणाला, "आई, कशाला टेन्शन घेतेस? ऑनलाइन अख्खा सेट मिळतो. परवा घरी येईल."

सविता डाव्या हाताने माझ्या डब्यात पोळ्या कोंबत राहिली. तो डबा काही बंद होईना आणि माझी कंपनीची बस सात वाजता चौकातून निघते. डबा लवकर बंद व्हावा, एवढ्याच शुद्ध हेतूने मी म्हणालो, "त्यात काय एवढं, मी करतो."

डबा बंद झाला.

"तुम्ही?"

"मी."

"शर्टाचं बटण लावता येत नाही तुम्हाला."

"अगं, स्टोअरला आहे मी. बारा हजार आयटम सांभाळतो. हलव्याचे चार दाणे नाही सांभाळणार?"

ते चार दाणे नव्हते. तो एक किलो हलवा होता, आणि एका किलोत दाणे किती असतात हे मी आता कुणालाही शपथेवर सांगू शकतो.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्या सुखी लोकांसाठी सांगतो. हलव्याचा दाणा सुईने टोचता येत नाही, साखरच ती, फुटते. दोऱ्याचा फास करायचा, त्यात दाणा बसवायचा, फास आवळायचा. कमी आवळला तर दाणा निसटतो, जास्त आवळला तर दाण्याचे दोन होतात. हात कोरडे हवेत. माणूस तरुण हवा. डोळे शाबूत हवेत. पहिल्या संध्याकाळी दोन तासांत माझे अकरा दाणे झाले.

"दोऱ्याला थुंकी लावू नका!" समोर बसून सविता.

"टोक पुढे जात नाही त्याशिवाय."

"साखर विरघळते. बघा, दाणा टक्कल पडल्यासारखा झालाय. आणि खाताय काय?"

"फुटलेला होता."

"फुटलेला होता की फोडलात?"

माझ्या तोंडात दाणा होता.

या सगळ्याला आणखी एक साक्षीदार होता. आंदर मावळातल्या आमच्या गावाहून धोंडाबाई आत्या तेव्हा आमच्याकडे मुक्कामाला होती. वय ब्याऐंशी. मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. डॉक्टरांनी टीव्ही बघू नका म्हणून सांगितल्यामुळे ती मोठा काळा चष्मा लावून दिवसभर सोफ्यावर ताठ बसून असायची. तिला काही दिसत नाही असं आम्ही सगळ्यांनी आपापल्या सोयीने ठरवून टाकलं होतं.

"बजरंगा, काय करतुयास रं?"

"दागिने करतोय, आत्या."

"कुनाचं?"

"कोमलचं. पहिली संक्रांत ना तिची."

"आन तिच्या सासूचं?"

सविता तेव्हा स्वयंपाकघरात होती. आत्या आवाज खाली आणून म्हणाली, "तिचा पयला सण झालाच न्हाई बग. त्याच साली आमचं आबा गेलं. लय हौसेनं आलती पोर, डबा घिऊन."

माझा फास हातातच राहिला. खरं सांगतो, मी ते विसरलो होतो. माझे आजोबा त्या वर्षी मार्गशीर्षात वारले, वर्षभर घरात सण नाही. सविताने वडगावच्या माहेरी बसून स्वतःसाठी हलव्याचा हार करून आणला होता. माझ्या आईने तो डबा माळ्यावर ठेवला. उन्हाळ्यात डबा काढला तेव्हा मुंग्यांनी आपलं काम केलेलं होतं आणि आत नुसता दोरा होता. सविताने तो दोरा रिळाला गुंडाळून ठेवला आणि पुढच्या वर्षी समर्थच्या बोरन्हाणाला वापरला. तेव्हापासून ती जगाचे दागिने करते आहे. स्वतःचे तिने कधी केले नाहीत, आणि करशील का असं मीही कधी विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून घ्यायला हात मोकळे लागतात. माझ्या हातात बाजूबंद होता, आणि तो उसवत होता.

दिवस कमी पडायला लागले तेव्हा मी हलवा जेवणाच्या डब्यातून कंपनीत न्यायला लागलो. जेवणाच्या सुट्टीत बोल्टांच्या रॅकमागे बसून मी बांगडी करत असताना क्वालिटीचा अतुल आला. त्याने बांगडी उचलली, खिशातून जाडी मोजायचा व्हर्नियर काढला आणि एकेक दाणा मापायला लागला.

"काका, चौथा, नववा आणि तेरावा रिजेक्ट."

"अरे, घरचं काम आहे ते."

"म्हणून सांगतोय. काकूंचं इन्स्पेक्शन माझ्यापेक्षा कडक असतं."

अगदी बरोबर होतं त्याचं. घरी गेल्यावर सविताने तेच तीन दाणे काढायला लावले.

शेवटी उरला कमरपट्टा. सगळ्यात मोठा, सगळ्यांच्या नजरेत भरणारा. कोमलला हे सगळं अचानक द्यायचं होतं, म्हणून तिचं माप घेता येत नव्हतं. (ती ड्यूटीवरून आली की आम्ही अख्खा कारखाना चादरीखाली ढकलत होतो.) सविताने तिच्या परकराच्या नाडीवरून हिशोब करून मला सांगितलं, "सव्वीस. लिहून ठेवा."

मी लिहून ठेवलं. कंपनीच्या इश्यू स्लिपच्या मागे लिहिलं. ती स्लिप दुसऱ्या दिवशी मी सवयीने फाइलला लावली. आमच्या फाइलला लागलेला कागद परत मिळत नाही, ही सिस्टिम मीच बसवलेली आहे.

रविवारी दुपारी सविता औषधाच्या गुंगीत आत झोपली होती. तिला उठवून पुन्हा माप विचारायचं? त्या दिवशी नऊ वेळा बोलणी खाऊन झाली होती, दहाव्याला अंगात त्राण नव्हतं. शिवाय पट्ट्याला गोलाई हवी, ती सपाट टेबलावर येत नव्हती. म्हणून मी तो पट्टा स्वतःच्या कमरेभोवती धरला आणि ओवत सुटलो. दोन टोकं एकमेकांना भेटली की पट्टा झाला, एवढंच माझ्या शिणलेल्या डोक्यात शिल्लक होतं. टोकं काही भेटेनात. किलो संपला. शेजारून पावशेर आणला. शेवटी मी श्वास आत ओढला, टोकं भेटली, हुक लावला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा मला समाधान वाटलं. समोर आत्या काळ्या चष्म्यात शांत बसली होती. मी पट्टा काढून खोक्यात घातला आणि तिथेच आडवा झालो.

"किलो पुरतो नेहमी," संध्याकाळी सविता म्हणाली. "वरचा पावशेर कुठे गेला?"

"फुटला थोडा."

"पोटात फुटला असेल."

एका अर्थी तेही खरंच होतं.

संक्रांतीच्या संध्याकाळी हळदीकुंकू. सोसायटीतल्या बायका, कार्ल्याहून विहीणबाई आणि त्यांच्याबरोबर तीन जावा. घरात पाय ठेवायला जागा नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात तिळगुळाचं ताट धरून उभा. (हळदीकुंकवात पुरुषाला एवढीच जागा असते.) कोमल काळी साडी नेसून पाटावर बसली. सविताने डाव्या हाताने खोकं उघडलं. तिचं नाव पणाला लागलं होतं, आणि ते माझ्या बोटांनी ओवलेलं होतं.

मुकुट जरा डावीकडे कलला, पण बसला. कर्णफुलं एक मोठं, एक छोटं. "हल्लीची फॅशन आहे," कोमलनेच सांभाळून घेतलं. हार, बांगड्या, बाजूबंद झाले. बायका म्हणाल्या, "हाताला प्लास्टर असून एवढं केलंत?" सविता म्हणाली, "मी नाही, यांनी केलं." सगळ्या माना दाराकडे वळल्या. मी ताट सरळ केलं.

मग कमरपट्टा. कोमल उभी राहिली, सविताने विहीणबाईंच्या मदतीने हुक लावला आणि हात सोडला. पट्टा सरळ खाली गेला. कुठेही न थांबता, पाटावर जाऊन कोमलच्या पावलांभोवती गोल पडला.

 मग मागच्या रांगेतून खुसखूस. एक जाऊबाई म्हणाली, "आमची पोरगी चार वर्षांनी जाड होईल, तवा बसंल!" बायका खळाळून हसल्या. सविता हसली नाही. ती खाली त्या पट्ट्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा मला दारातून दिसत होता, आणि तो बघवत नव्हता. मला वाटलं, ताट ठेवावं आणि पुढची लोकल पकडून कुठेही जावं.

कोमलने वाकून पट्टा उचलला. "आई, जरा हात वर करा."

"मी कशाला? अगं, माझं काय..."

"करा ना. आत्याआजींनी सांगितलंय मला सगळं. तुमचा पहिला सण राहिलाय."

तिने तो पट्टा सविताच्या कमरेभोवती घेतला आणि हुक लावला. अगदी फिट्ट बसला. एक दाणा इकडे नाही, एक दाणा तिकडे नाही. मग कोमलने स्वतःचा मुकुट काढून सासूच्या डोक्यावर ठेवला. प्लास्टरचा हात गळ्यात, डोक्यावर वाकडा मुकुट, काळ्या साडीवर पांढरा पट्टा, अशी सविता उभी राहिली आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या. विहीणबाईंनी डोळ्यांना पदर लावला. 

सविताने माझ्याकडे बघितलं. "तुमच्या लक्षात होतं?"

मी फक्त मान हलवली.

"म्हणून सव्वीस सांगितलं तरी... मुद्दाम माझ्या मापाचा केलात?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण एकोणतीस वर्षांत माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. मी छाती काढून म्हणालो, "मग! स्टोअरकीपर आहे मी. नुसत्या नजरेने माप घेतलं."

बायकांमध्ये कौतुकाची लाट उठली. ते माझ्या संसारातलं सर्वोच्च मिनिट होतं. मिनिटही पुरतं झालं नाही.

"काय बया खोटं बोलतुया!" सोफ्यावरून आत्या. "नजरंनं कशाचं? ऐतवारी दुपारच्याला सोताच्या प्वाटाला गुंडाळून बसलावता. टोकं मिळंनात, तवा श्वास वडून हुक लावला."

"आत्या, तुला दिसलं?"

"व्हय तर! डाक्टरनं डोळा लय झ्याक केलाय. दानान् दाना दिसत हुता."

सविताने आधी पट्ट्याकडे बघितलं. मग माझ्या पोटाकडे बघितलं. मग पुन्हा पट्ट्याकडे. खोलीतल्या सगळ्या बायकांनी तिच्याबरोबर तोच प्रवास केला.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "माझी कंबर तुमच्या पोटाएवढी आहे?"

 मी तिळगुळाचं ताट पुढे केलं. गोड बोलण्याचा दिवस असूनही कुणी घेतला नाही.

पट्टा मात्र सविताने काढला नाही. बायका गेल्या, भांडी आवरली, तरी तो कमरेला होता. फोटो काढून झाले, फक्त माझ्याबरोबरचा तिने काढू दिला नाही. मग मुकुट सरळ करत तिने फर्मान काढलं, "रथसप्तमीपर्यंत दागिने घालतात. तोवर कोमलचा पट्टा झाला पाहिजे. सव्वीस. या वेळी हातावर लिहा."

तेव्हा आता मी पुन्हा हलवा घेऊन बसलो आहे. समोर सविता आहे, आणि तिच्या शेजारी काळ्या चष्म्यात धोंडाबाई आत्या. तिच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या गुरुवारी आहे. मी डॉक्टरांना फोन करून, फार घाई नसेल तर तारीख पुढे ढकलता येईल का, असं विचारून ठेवलं आहे.