सीलर वाळेपर्यंत

डाखोळे काका कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरात शिरतात. चपला दाराशी, नमस्कार वाटेत आणि माणूस थेट ओट्यापाशी. तिथे चष्मा कपाळावर सरकवून ते भिंतीला नाक लावतात आणि टाइल्सच्या मधल्या फटी वाचतात. हो, वाचतातच. वरच्या मजल्यावर नवीन जोडपं राहायला आलं, त्यांच्याकडे सत्यनारायणाला गेलेले काका तीर्थ घ्यायच्या आधीच म्हणाले, "पोरी, तुह्या घरी फोडणी जोरात होते अन् पुसणं सावकाश होते." ती पोरगी दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही, कारण पुसायचं काम त्याच्याकडे होतं.

प्रताप नगरातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तळमजल्यावर एकटेच राहतात. सरकारी नोकरीत ओव्हरसियर होते. कालव्याची गळती शोधायची आणि बुजवायची, यात उभी हयात गेली. निवृत्त झाल्यावर कालवे सुटले, फटी काही सुटल्या नाहीत. कुसुमकाकू होत्या तोवर हा छंद घरापुरता होता. त्या गेल्या आणि छंद जिना चढून आमच्यापर्यंत आला.

टाइल्सच्या फटीला काका 'जॉइंट' म्हणतात आणि त्याची तब्येत विचारतात. "माणूस खोटं बोलते, जॉइंट नाई बोलत," हे त्यांचं लाडकं वाक्य. तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं, नाव काढलं की मात्र त्यांचं डोकं सणकतं. एकदा जिन्यात मी सहज म्हणालो, "काका, थोडं तेजाब मारलं की काम फत्ते." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन पायऱ्या खाली उतरलो. "तेजाब? अबे, सिमेंट खाते ते! दात पिवळे झाले म्हणून दातावर तेजाब टाकतो का तू?"

आमच्या ओट्यामागचे जॉइंट मूळचे पांढरे होते म्हणे. मी तरी ते पहिल्यापासून चॉकलेटीच पाहिले, मला ते डिझाइन वाटायचं. कढईच्या मागे जे जे असतं ते देवावर सोपवावं, असं माझं धोरण. पण मंजूची, म्हणजे माझ्या बायकोची, धाकटी बहीण अमरावतीहून सहकुटुंब रविवारी जेवायला येणार असं ठरलं आणि धोरण बदललं. या बहिणीने नुकतंच नवं किचन करून घेतलंय आणि त्याचे फोटो ती सकाळ-संध्याकाळ पाठवते. मंजूने मला न विचारता काकांना वर बोलावलं.

काका सोमवारी जुने टूथब्रश, खाण्याचा सोडा आणि गुडघ्याखाली घ्यायची उशी घेऊन आले. सोडा कालवून फटींवर थापला, मुरू दिला, मग घासायला बसले. मला बाजूला कोमट पाण्याची बादली घेऊन उभं केलं आणि थोड्या वेळाने माझ्याही हाती एक टूथब्रश दिला. "आडवा नको घासू गा, जॉइंटच्या लाइनीनं चाल! पोळी लाटून राहिला का?" घासता घासता तपकिरीतून पिवळा आणि पिवळ्यातून पांढरा रंग निघाला, तेव्हा मंजू चक्क टाळ्या वाजवायला लागली. जिथे जुनं सिमेंट भुसभुशीत झालं होतं तिथे कोरून त्यांनी नवं भरलं आणि ओल्या स्पंजने तिरपं पुसून घेतलं. नवं भरलेलं पक्कं होईपर्यंत त्यांनी घरात फोडणीबंदी लावली. आम्ही गपगुमान खिचडी खाल्ली.

शनिवारी सकाळी सीलरची वेळ आली. सीलर म्हणजे फटीला तेल-हळद पिऊ न देणारं औषध. काकांनी बारीक ब्रशने ते लावलं, टाइलवरचं जास्तीचं लगेच पुसलं आणि उठता उठता जाहीर केलं, "आता उद्या रात्रीपर्यंत चूल बंद. वाफ लागली का सगळी मेहनत पाण्यात."

"उद्या रात्री? काका, पाहुणे उद्या दुपारी येऊन राहिले ना!" मंजूचा चेहरा पडला. बहिणीला आपल्या ओट्यावर, आपल्या चकचकीत भिंतीपुढे रांधून वाढायचं, यासाठीच तर सगळा खटाटोप होता.

"मंग काय झालं बाप्पा? माह्याकडे जेवा. आजबी अन् उद्याबी. पावण्यायले घेऊन."

त्या दुपारी आम्ही मुकाट्याने खाली गेलो. काकांनी पाटवडी-रस्सा केला होता. वड्या कापताना ते फूटपट्टी लावतात, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. रस्सा इतका झणझणीत की माझे कान वाजायला लागले. ते वाढत होते, आग्रह करत होते, कालव्यांच्या गोष्टी सांगत होते. "एकट्याले पाटवडी नाई जमत," मध्येच म्हणाले. "एवढंसं पीठ घोटलं का कढईच्या बुडालेच लागून जाते."

मंजूची रुखरुख काही जाईना. संध्याकाळी तिने मला बर्डीच्या बाजारात पिटाळलं. काकांनी जिथून सीलर आणला त्या दुकानात विचारून या म्हणाली, लवकर वाळायचा काही उपाय आहे का.

दुकानदार हसायला लागला. "उपाय कायले पायजे? सकाळी लावला ना? मंग आता रांधा बिनधास्त. डाखोळे साहेबाले माहीत आहे ना, दर खेपेले इथूनच तर नेतात."

मी विजयी वीरासारखा घरी आलो. "तुझ्या काकांनी आपल्याला चांगलंच बनवलं! सीलर केव्हाच वाळलाय. घाल आता पुरण शिजायला!"

मंजूने डाळीच्या डब्याला हात लावला आणि तसाच थांबवला. "वरच्या पोरीकडे केलं तेव्हाही त्यांनी दोन दिवस चूल बंद ठेवली होती," ती हळूच म्हणाली. "शेजारच्या खोब्रागडे वहिनींकडेही. सगळे खालीच जेवले होते."

माझा विजय तिथेच विरघळला. कुसुमकाकू गेल्यावर आम्ही महिनाभर काकांना डबा पोचवला, विचारपूस केली आणि मग आपापल्या कामाला लागलो होतो. मला फार वाईट वाटलं. मंजूने बहिणीला फोन लावला. "अगं, आमचं किचन बंद आहे उद्या. भिंत? भिंत मग पाहा कधीतरी. जेवण खाली आमच्या काकांकडे."

रविवारी काकांकडे सतरंजीवर पंगत बसली. बहिणीच्या नवऱ्याने चारदा भरीत मागून घेतलं, तिच्या मुलांनी फूटपट्टीच्या वड्या मोजून मोजून खाल्ल्या आणि काका भाकरी थापता थापता घामाघूम झाले. चार वाजता पाहुणे निघाले. घर एकदम रिकामं झालं. काका ताटं गोळा करत होते. मंजूकडे न पाहताच म्हणाले, "पोरी, एक सांगतो. तुहं किचन... आता सुरू केलं तरी हरकत नाई. वाळलं असन."

"तुम्ही येऊन पाहिलं कुठे?" मंजू त्यांच्या हातातली ताटं घेत म्हणाली. "हवा दमट आहे काका. रात्रीही इथेच जेवलो तर चालेल? पोळ्या मी करते."

"हो, हो. रिस्क नाई घ्यायची," असं घाईघाईने म्हणत काका कणकीचा डबा काढायला वळले. डबा समोरच होता, पण तो काढायला त्यांना बराच वेळ लागला.