सांडलवंड शून्य

बेपोसो टेकडीला पाणी पुरवणाऱ्या टँकरमधले निम्मे पाणी वाटेतच सांडते, अशी तक्रार नगरपालिकेचे पाणी-इंजिनिअर क्वाकू ओफोसुहेने यांच्याकडे आली. कारण साधे होते. टाकीच्या मागच्या तोंडाला झाकण नव्हते. पण झाकण हा भांडार विभागाचा विषय. ओफोसुहेने यांचा विषय पाणी. शिवाय धावत्या भांड्यातल्या द्रवावर त्यांनी कुमासीच्या विद्यापीठात प्रबंध लिहिला होता, आणि तो आजवर कोणी मागून वाचला नव्हता.

गाडीने वेग घेतला की पाणी मागे चढते, ब्रेक लागला की पुढे धावते, एकसारख्या वेगात मात्र सपाट राहते, असे त्यांनी आदेशाच्या प्रस्तावनेत मांडले. सबब चालकाने वेग वाढवू नये व कमीही करू नये. खात्रीसाठी चालकासमोर काठोकाठ भरलेला वाडगा ठेवण्यात आला. चालक इसाका कामचुकार म्हणून प्रसिद्ध होता. त्याला हा आदेश फार आवडला.

पहिल्या फेरीला ओफोसुहेने स्वतः मोटारसायकलवरून मागे निघाले. टँकर मुंगीच्या चालीने टेकडीला लागला, वेग तसूभरही बदलला नाही, आणि मागच्या तोंडातून पाण्याचा लोट त्यांच्या अंगावर आला. प्रबंधातला रस्ता सपाट होता, हे त्यांना भिजल्यावर आठवले. कानशिले तापली. पण चूक मान्य करायची तर आदेश मागे घ्यावा लागणार. त्यापेक्षा पुरवणी आदेश सोपा. टँकरने फक्त सपाट रस्त्यावर चालावे.

सपाट रस्त्यावर शेळ्या होत्या, चौक होते, शनिवारच्या अंत्ययात्रा होत्या. प्रत्येक ठिकाणी ब्रेक. तेव्हा शास्त्रीयदृष्ट्या एकच मार्ग उरला: टँकर पंपघराच्या आवारात भरून उभा करण्यात आला. त्या महिन्याच्या अहवालात ओफोसुहेने यांनी लिहिले, 'सांडलवंड शून्य.' वरच्या कार्यालयाने पाठ थोपटली.

त्याच सुमारास त्यांना मुलगी झाली. घर बेपोसोवरच. बाळंतिणीसाठी आलेल्या सासूबाई, आमा सेरवा, यांनी बारशाच्या आदल्या दिवशी रिकामे पिंप दाखवले.

"जावईबापू, उद्या पन्नास माणसं जेवायला. पाणी कुठंय?"

"टँकर भरलेला आहे, आई."

"कुठं?"

"खाली."

"मग वर बोलवा की."

ओफोसुहेने यांनी वेग आणि पाण्याचा उतार यांचे नाते समजावून दिले. सासूबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि दोन बादल्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

टँकर वर बोलावणे त्यांच्याच हातात होते. पण मग शून्य गेले असते. म्हणून उजाडताच ते बादल्या घेऊन खाली पंपघराकडे निघाले. अख्खी टेकडी डोक्यावर पाण्याची घमेली घेऊन चढत होती. शेजाऱ्यांनी अदबीने साहेबांना वाट करून दिली. साहेबांचे निम्मे पाणी त्यांच्याच बुटांत गेले, म्हणून फेऱ्या दुप्पट झाल्या.

बारशाला थोरल्या काकांनी बाळाच्या जिभेवर पाण्याचा थेंब टेकवला आणि रीतीप्रमाणे बजावले, पाणी असेल तर पाणीच म्हण. मग दारूचा थेंब: दारू असेल तर दारूच म्हण. जमलेल्यांनी माना डोलावल्या.

नगरपालिकेचे अध्यक्ष पेला संपवून म्हणाले, "गार आहे पाणी. आपल्या टँकरचंच ना?"

ओफोसुहेने यांच्या तळहातांना फोड आले होते. त्यांनी हात पाठीमागे घेतले.

"हो, साहेब. थेंबही न सांडता."

सकाळी डोक्यावरून पाणी वाहून आणलेल्या साऱ्या अंगणाने टाळ्या वाजवल्या. बाळ तेवढे मोठ्याने रडू लागले. त्याला गप्प करायला सगळेच धावले. आपण तिथे असतो तर आपणही धावलो असतो.