उभ्या कामाची पाहणी

आमच्या इमारतीचा जिना पाडावा, याबद्दल कोणाचंही दुमत नव्हतं. पायऱ्यांतून गंजलेल्या सळया डोकावत होत्या आणि कठडा केवळ सवयीने उभा होता. पाडणारा माणूस लगेच मिळाला. पाडायला माणूस मिळाला नाही, असं आमच्याकडे कधी झालेलं नाही. अडलं ते नव्या जिन्यापाशी. त्यासाठी आधी सेंट्रिंगवाला हवा होता, म्हणजे फळ्या आणि टेकू लावून काँक्रीटसाठी साचा उभा करणारा आणि काँक्रीट घट्ट झालं की तो सोडवून नेणारा ठेकेदार.

वरच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. जिना पाडल्यावर भिंतीला शिडी लावली होती. त्यातलं एक तिच्यावरून उतरून चार दिवसांसाठी म्हणून मेहुण्याकडे गेलं, ते अजून तिथेच आहे. दुसरी माझी आत्या. सगळी इमारतच तिला आत्या म्हणते. तिचे गुडघे शिडीला राजी नव्हते. समोरच्या इमारतीत तिची जिवाभावाची मैत्रीण पाय मोडून पडली होती आणि रोज दुपारी तिच्याशी पत्ते खेळून तिला हरवणं, हे आत्याचं आयुष्यातलं मुख्य काम होतं. ते बंद पडलं. आत्या खिडकीतून पान दाखवायची, मैत्रीण पलीकडून 'दिसत नाही' म्हणायची, आणि मग दोघी एकमेकींना लबाड ठरवायच्या. मी समितीचा सेक्रेटरी. आत्याने मला वरूनच सांगितलं, "मला खाली आण. बाकी तुमचं काय ते चालू दे." मला अगदी गलबलून आलं. मी विषय पुढच्या बैठकीत घेतला.

अध्यक्ष एका मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले आहेत आणि ओळखीपाळखीने कामं देणं त्यांना खपत नाही. त्यांनी एकच निकष ठेवला: ठेकेदाराने स्वतः केलेलं सेंट्रिंग प्रत्यक्ष जागेवर, उभं, दाखवावं. निकष इतका निर्दोष होता की त्यावर विचार करण्याची कोणाला गरजच वाटली नाही.

पहिल्या आल्या त्या एक ठेकेदार बाई. त्यांनी आम्हाला एका नव्या इमारतीत नेलं. छत गुळगुळीत, कडा सरळ, कुठे ओल नाही. अध्यक्षांनी मान वाकडी करून सगळीकडे पाहिलं.

"हे तर काँक्रीट आहे. तुमचं काम कुठंय?"

"ते काढून नेलं, म्हणून तर हे दिसतंय."

"म्हणजे जागेवर तुमचं काहीच उरलेलं नाही."

"उरलं असतं तर मालकाने मला सोडलं असतं का?"

अध्यक्षांनी मला नोंद घ्यायला सांगितलं: पाहणीत काम आढळून आले नाही. दुसऱ्या ठेकेदाराचीही तीच गत झाली. त्याने बांधकामांमागून बांधकामं दाखवली, पण एकातही औषधाला टेकू सापडला नाही. इतकी कामं करून मागे काहीच पुरावा न ठेवणारा माणूस, खजिनदारांच्या मते, पोलिसांना कळवण्यासारखा होता.

तिसऱ्याला सगळे भक्कमशेठ म्हणत. त्याने दाखवलेल्या घराच्या व्हरांड्याचं छत कित्येक वर्षांपासून टेकूंवर उभं होतं. एका टेकूवर वेल चढली होती, दुसऱ्याला कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली होती आणि फळ्यांच्या सांदीत चिमण्यांचा संसार चालला होता. आम्ही भारावून गेलो. अध्यक्षांनी एक टेकू जरा हलवून बघितला, तेवढ्यात घरमालक अनवाणीच धावत बाहेर आला आणि हात जोडून म्हणाला, "हात नका लावू, घरात पोरंबाळं आहेत." ठेकेदाराच्या कामावर मालकाचा एवढा जीव मी तरी प्रथमच पाहत होतो. त्याला आणखी बरंच काही सांगायचं होतं, पण समितीकडे वेळ नव्हता. अहवालात आम्ही लिहिलं: काम जागेवर व उभे, मालकास कामाविषयी आत्मीयता.

भक्कमशेठने महिन्याभरात जिना ओतला. जिन्याला खालून चांगलंच पोट सुटलं आणि कुठल्याच दोन पायऱ्यांची उंची एकमेकींशी जुळेना. तरी जिना झाला, याचा आम्हाला आनंद होता. काँक्रीट घट्ट झाल्यावर मी भक्कमशेठला टेकू सोडवायला सांगितलं. तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला.

"सेक्रेटरीसाहेब, तुम्ही मला काम दिलंत ते माझं उभं काम बघून. आणि आता काढ म्हणता?"

समितीने निकष पुन्हा तपासला. त्याचं बरोबर होतं. टेकू कायम ठेवण्याचा ठराव झाला. वजनाने टेकू सरकण्याचा संभव असल्याने जिन्यावर पाय ठेवण्यास मनाई झाली. आणि जिना पूर्ण झालेला असताना भिंतीला शिडी लावून ठेवणं शोभत नाही, म्हणून तीही त्याच बैठकीत मोडीत निघाली.

जिना झाल्याचं कळताच आत्या पत्त्यांचा जोड हातात घेऊन वरच्या पायरीशी आली. नवी साडी नेसली होती.

"झाला ना जिना? मग उतरते मी."

"आत्या, पाय ठेवू नका," अध्यक्ष खालून म्हणाले, "जिना आहे तो."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. मी टेकूंकडे पाहिलं. मला लाज वाटली. पण ठराव सर्वानुमते झालेला होता, त्यामुळे ती सगळ्यांत वाटली गेली आणि माझ्या वाट्याला फारशी आली नाही.

उभी कामं वाढल्यामुळे भक्कमशेठला आता भारी मागणी आहे. परवा दुसऱ्या एका इमारतीची समिती रहिवाशांना घेऊन आमचा जिना बघायला आली होती. आत्या वर खुर्ची टाकून बसलेली. तिने विचारलं, "तुमच्यातलं कोणी मला धरून खाली नेता का हो? समोर जायचंय फक्त." मंडळी वर बघून हसली. म्हाताऱ्या माणसांना जिन्याचा किती लळा, असं कोणीतरी म्हणालं.

त्या मंडळींत तुम्हीही मागे उभे होतात. तुम्ही आत्याकडे पाहिलंत, टेकूंकडे पाहिलंत, काहीतरी बोलायला तोंडही उघडलंत. तेवढ्यात तुमच्या अध्यक्षांनी भक्कमशेठला काम द्यायला कोणाची हरकत आहे का, असं विचारलं आणि तुम्ही घड्याळ बघितलंत.

तुमचा जुना जिना काल पाडला म्हणे. तुम्ही कितव्या मजल्यावर राहता?