करकोचीला स्थळ पाहिजे

कुसुममावशींना कुठलाही पक्षी दाखवा, त्यांचा पहिला प्रश्न एकच: "ह्याचं जमलंय का?"

कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीत मावशी तळमजल्यावर एकट्या राहतात. उभा जन्म त्यांनी लोकांची लग्नं जमवली. बोनकोड्यापासून महाप्यापर्यंत जेवढी पोरं शाळेत जातात, त्यातली निम्मी मावशींच्या खात्यावर. माझंही त्यांनीच जमवलं. एकदा तक्रार घेऊन गेलो, तर म्हणाल्या, "गॅरंटी मुलीची दिली होती. तुझी नाही."

पुढे पोरं मोबाईलवर आपापली जमवायला लागली आणि मावशी बेकार झाल्या. मग भाचीने दिलेली दुर्बीण गळ्यात अडकवून त्या पाणथळ जागा पालथ्या घालू लागल्या. वाहन माझी स्कूटर, सारथी मी.

द्रोणागिरीकडे, कंटेनरच्या गोदामांमागे एक तळं आहे. तिथे मावशींना ती दिसली. काळ्या मानेची करकोची. लाल पाय, माझ्या छातीला लागेल एवढी उंची, आणि चोच अशी की मनात आणलं तर कंटेनर फोडेल.

"डोळे पिवळे. म्हणजे मुलगी," मावशी म्हणाल्या. "मुलाचे काळे असतात. पण एकटी आहे रे."

"असू दे की. मजेत मासे खातेय."

"ह्यांची जोडी जन्माची असते, बाळ्या. आणि आता उरलेत किती? तळी बुजवली, वर विजेच्या तारा ओढल्या. अशात मुलीचं जमायचं कसं?"

त्या दिवसापासून मावशी कामाला लागल्या. पक्षी बघणाऱ्या प्रत्येकाला फोन. "तुमच्याकडे काळ्या डोळ्यांचा कुणी आहे का? एकटाच हवा. घरजावई चालेल." गुजरातेतल्या एका गृहस्थाने घाईघाईने स्वतःच्या मुलाचा फोटो पाठवला. डोळे घारे निघाले. नापास.

इकडे तळ्यावर डंपर येऊ लागले. राडारोडा ओतून एका बाजूने भराव चालला होता. मावशी एका डंपरसमोर अशा उभ्या राहिल्या, की डंपरच दोन पावलं मागे सरला.

"ए दादा, लग्न झालंय तुझं?"

"नाय गो मावशे," ड्रायव्हर वरून म्हणाला.

"मग ही माती माघारी ने. तुझं मी जमवते."

"आनि सायब बोंबलंल त्याचा काय?"

"साहेबाचं झालंय?"

ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला आणि खरंच गाडी वळवून गेला. मावशींनीही शब्द पाळला. दिवाळीनंतर त्याचा बार उडाला. पण डंपर पुष्कळ, आणि ड्रायव्हर बहुतेक विवाहित.

तळं अर्धं उरलं. करकोची उरलेल्या पाण्यात एकटीच फेऱ्या घालायची. जोडीदार मिळायच्या आत हेही बुजलं तर ही जाईल कुठे, ह्या घोराने मावशींना घास गिळेना.

आणि एका सकाळी पलीकडच्या काठावर दुसरा करकोचा उभा!

मावशींनी गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या हातात कोंबली. "तू बघ. डोळ्यांचं सांग."

मी पाहिलं. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्यात, पण ही थाप नव्हे. "काळे, मावशी. कुळकुळीत काळे."

तो पाण्यात उतरला. तीही पुढे झाली. दोघं समोरासमोर आले, पंख पसरून थरथरवू लागले. एवढ्यात मावशींनी माझी बाही ओढली. "ऊठ. चल तिकडे."

"अहो, एवढी वाट पाहिली, आणि आता ऐन वेळी?"

"बघण्याच्या कार्यक्रमात मोठ्यांनी मधेच उठून जायचं असतं. त्यांचं त्यांना बोलू द्यावं."

आम्ही बांधाआड तळ्याकडे पाठ करून बसलो. मागून चोचींचा खडखडाट ऐकू येत होता. मावशी पदराने दुर्बिणीची काच पुसत होत्या. बराच वेळ पुसत होत्या.

"मला बघायला आले होते ना," त्या म्हणाल्या, "तेव्हा कुणी उठलंच नाही."