दुपारी बाराचं आकाशदर्शन

एका जंगलात एक कॉलेज होतं. हसायचं नाही, बाळांनो. चार काळे फळे आणि एक फाटक मिळालं की कुठेही कॉलेज निघतं.

कॉलेजमागच्या टेकडीवर वेधशाळा होती. गोल घुमट, आत एक जुनी दुर्बीण आणि दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा. ती सांभाळायचे रातवे सर. रातवा हा पक्षी दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, म्हणून हे काम त्यांच्याकडे आलं. त्या कॉलेजात योग्य जागी योग्य पक्षी नेमल्याचं हे एकच उदाहरण.

दर अमावस्येला सर आकाशदर्शन भरवायचे. ससे यायचे, मुंगसं यायची, साळिंदराची पोरं यायची. शनीची कडी पाहिलेला ससा पुढे आठवडाभर शहाण्यासारखा वागायचा.

सरांचा जीव मात्र एका धूमकेतूत अडकला होता. तो एक्क्याऐंशी वर्षांनी एकदा यायचा. फार अंधूक होता, दुर्बिणीशिवाय दिसायचाच नाही. येत्या अमावस्येला तो जंगलावरून जाणार होता आणि सरांना त्याचा फोटो काढायचा होता. पुन्हा संधी नव्हती. रातवा काही एक्क्याऐंशी वर्षं जगत नाही.

नेमकी तेव्हाच मूल्यांकन समिती निघाली. ही समिती दर पाच वर्षांनी येते आणि कॉलेज किती चांगलं ते ठरवते.

प्राचार्य बगळे सरांनी समितीचं पत्र एका पायावर उभं राहून वाचलं. मग रातवे सरांना बोलावून घेतलं. समितीला आकाशदर्शन दाखवायचं होतं, सोमवारी, दुपारी बारा वाजता.

"दुपारी तारे दिसत नाहीत, सर," रातवे सर म्हणाले.

"अध्यक्षा घोरपडबाई आहेत. ऊन उतरलं की त्या गारठतात. चारला निघणार. तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. मोडके बाक ठेवायला मला जागा हवीच आहे."

रातवे सरांनी धूमकेतूचा विचार केला आणि मान डोलावली. इथे त्यांचं चुकलं. पण खरं सांगू? मला त्यांचा राग येत नाही.

सोमवारी टेकडीवर बॅनर लागला, रांगोळी निघाली. विद्यार्थ्यांचे अभिप्राय तर आदल्या दिवशीच लिहून तयार होते. रातवे सर झोपाळलेल्या डोळ्यांनी दुर्बिणीपाशी उभे होते. भर उन्हात दुर्बीण उघडली आणि चुकून सूर्य समोर आला, तर बघणाऱ्याचा डोळा जातो. म्हणून सरांनी तिच्या तोंडावरचं झाकण काढलंच नव्हतं. समितीला तसं नीट सांगायचं आणि रात्री काढलेले फोटो दाखवायचे, एवढाच त्यांचा बेत होता.

पण घोरपडबाई आल्या त्या थेट दुर्बिणीला चिकटल्या. घोरपड चिकटली की लवकर सुटत नाही.

"आत रात्र आहे," बाई बऱ्याच वेळानं म्हणाल्या.

समितीत दोन सरडेही होते. त्यांनी आळीपाळीनं डोळा लावला आणि माना हलवल्या. एकानं दोन तारे दिसल्याचं नोंदवलं. मग दुसऱ्यानं तीन.

रातवे सरांनी चोच उघडली. बगळे सरांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग दाराबाहेर आणून ठेवलेल्या मोडक्या बाकाकडे पाहिलं. रातवे सरांनी चोच मिटली.

कॅमेऱ्यानं फोटो काढला. झाकणाच्या आतून काढलेला फोटो येतो तसाच तो आला, काळाकुट्ट. बाई त्यावर बेहद्द खूश झाल्या. तो चौकटीत बसवून प्राचार्यांच्या खोलीत टांगला गेला. खाली लिहिलं, 'आकाशगंगा, दुपारी १२.१०'. सरांचे खरे फोटो कार्यक्रमाच्या अहवालात घेतले नाहीत, कारण त्यांत समिती नव्हती. अहवालाखाली सही मात्र सरांची घेतली.

कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. सरांना शाल मिळाली. घुमट वाचला म्हणून सरही आनंदात होते. ते अमावस्येच्या तयारीला लागले.

अमावस्येच्या सकाळी परिपत्रक निघालं. दुपारचं आकाशदर्शन उत्कृष्ट होत असल्याचं समितीनं कळवलं होतं. तेव्हा यापुढे ते दुपारीच होईल आणि घुमटाला पाच वाजता कुलूप लागेल.

रातवे सर धावत प्राचार्यांकडे गेले.

"सर, झाकण लावलेलं होतं. त्यांना काहीही दिसलं नव्हतं."

"ते मला त्याच दिवशी कळलं होतं," बगळे सर म्हणाले. "पण अहवालावर तुमची सही आहे."

त्या रात्री धूमकेतू ठरल्या वेळी आला. रातवे सर कुलपासमोरच्या पायरीवर शाल पांघरून बसले होते. तो कुठे असेल हे त्यांना अचूक माहीत होतं. पहाटेपर्यंत ते तिकडे बघत राहिले आणि त्यांना काही दिसलं नाही.

तात्पर्य : धूमकेतू एक्क्याऐंशी वर्षांनी येतो आणि समिती पाच वर्षांनी. तयारी कुणाची करायची, हे हुशार मुलांना सांगावं लागत नाही. तेव्हा बाळांनो, दुर्बीण हरवली तरी चालेल, तिचं झाकण तेवढं जपून ठेवा.